व्होल्टेज कमी असताना मोटर का जळते? : धारा, विभवांतर, रोध आणि परिपथ

मागच्या वेळी आपण विद्युतप्रभार आणि विद्युतक्षेत्र यांच्यावर बोललो होतो. आज परिपथ घ्यायचा असं ठरलं होतं. नेहमीप्रमाणे घट, बल्ब, कळ, अशी सुरुवात करायची आमची तयारी होती. पण मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यातल्या एकामुळे आम्ही आजचा क्रमच बदलला.

प्रश्न बारावीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. तो असा : “आमच्या विहिरीवर एक एचपीची सिंगल फेज मोटर आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. बाबा म्हणतात, व्होल्टेज कमी असताना मोटर चालू करायची नाही, जळते. पण ओहमच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमी होणार, म्हणजे उष्णताही कमी. मग चूक कोण, बाबा की ओहम?”

फार चांगला प्रश्न आहे. मोटर जळली की रिवाइंडिंगचा खर्च येतोच, शिवाय ऐन पाण्याच्या वेळी चार दिवस पंप बंद राहतो. म्हणजे हा प्रश्न परीक्षेतल्या दोन मार्कांपुरता नाही. आज आपण याच प्रश्नाचा माग काढत जाऊ, वाटेत परिपथाचे बाकीचे नियम भेटतीलच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. घरात आपण म्हणतो “लाईट गेली”, “करंट बसला”, “व्होल्टेज कमी आहे”, “पॉवर नाही”. चारही वाक्यांत आपल्याला म्हणायचं असतं ‘वीज’. बोलताना ते चालून जातं, पण हिशोब करायला बसलं की चालत नाही. विद्युतधारा म्हणजे तारेच्या एका छेदातून दर सेकंदाला किती प्रभार पुढे गेला ते. एका सेकंदाला एक कूलोम गेला तर एक अँपिअर. विभवांतर म्हणजे एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना किती ऊर्जेची देवाणघेवाण होते ते. एका कूलोममागे एक ज्यूल असेल तर एक व्होल्ट. यातले शब्द नीट बघा. धारा तारेच्या ‘एका’ जागी मोजता येते. विभवांतर नेहमी ‘दोन’ बिंदूंमधलं असतं. “या तारेत 230 व्होल्ट आहेत” हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत 230? आपल्या घरात उत्तर असतं : न्यूट्रलच्या तुलनेत. आणि न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी, म्हणजे गावाकडे ज्याला डीपी म्हणतात तिथे, जमिनीला जोडलेली असते. म्हणून जमिनीच्या तुलनेतही साधारण तेवढेच.

आता तारेच्या आत काय चाललंय ते बघू. आपली समजूत अशी की बटण दाबलं की इलेक्ट्रॉन धावत सुटतात आणि क्षणात बल्बपर्यंत पोचतात. हिशोब करा. घरातली साधी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घ्या, तिच्यातून एक अँपिअर धारा जाऊ द्या. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 8.5 गुणिले 10 चा 28 वा घात इतके मुक्त इलेक्ट्रॉन असतात. गर्दी एवढी असल्यामुळे प्रत्येकाला फारसं सरकावं लागत नाही. सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे 0.05 मिलिमीटर. याच वेगाने एकाच दिशेने निघालेल्या इलेक्ट्रॉनला वीस मीटर जायला साडेचार दिवसांहून जास्त लागतील! आणि घरातली वीज तर एसी, सेकंदाला 50 आवर्तनं. म्हणजे तो बिचारा कुठे जातच नाही. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरात मागे-पुढे होत राहतो. मग बल्ब लगेच कसा लागतो? कारण तार आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहे, आणि बटण दाबल्यावर जे वेगाने पसरतं ते विद्युतक्षेत्र. शेतात पाइप आधीच पाण्याने भरलेला असेल तर कॉक उघडल्याबरोबर दुसऱ्या टोकाला पाणी पडतं, तसंच हे. मात्र पाण्याची उपमा इथेच सोडू. पाइप तुटला तर पाणी सांडतं, तार तुटली तर वीज सांडत नाही, थांबते.

याला जोडून आणखी एक गैरसमज आहे आणि तो जुना आहे. “बल्बने करंट खाल्ला.” नाही खाल्ला. बल्बच्या अलीकडे एक अमीटर लावा, पलीकडे एक लावा, दोन्हींवर आकडा सारखाच येतो. बल्ब घेतो ती ऊर्जा, प्रभार घेत नाही. जेवढा प्रभार आत येतो तेवढाच बाहेर जातो. परिपथातल्या कुठल्याही जोडबिंदूला हेच लागू आहे. येणाऱ्या धारांची बेरीज आणि जाणाऱ्या धारांची बेरीज समान. गुस्टाव्ह किरखोफने 1845 मध्ये हा नियम मांडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. हा नियम लक्षात ठेवा. शेवटी याच नियमावर माणसाचा जीव वाचवणारं एक यंत्र चालतं, तिथे आपण परत येणार आहोत.

आता तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिलेली एक गंमत सांगतो. अचानक घरातलं सगळं बंद पडतं. वायरमन येतो, सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घालतो, पेटतो. दुसऱ्या भोकात घालतो, तिथेही पेटतो! दोन्हीकडे ‘करंट’ आहे आणि पंखा मात्र फिरत नाही. वायरमन लगेच सांगतो, “न्यूट्रल तुटलीय.” त्याने हे कसं ओळखलं? मागून न्यूट्रल तुटली की परिपथ पूर्ण होत नाही, धारा शून्य. पण एखाद्या बल्बचं बटण चालूच असतं. त्या बल्बमधून धारा नाही, म्हणून त्याच्या दोन टोकांत विभवांतरही नाही. विभवांतर नाही म्हणजे दोन्ही टोकं एकाच विभवाला, फेजच्या. म्हणून बल्बच्या पलीकडची, घरातली न्यूट्रल तारसुद्धा फेजच्या विभवाला जाऊन बसते. टेस्टर दोन्हीकडे पेटतो, पण दोन्हींमधलं अंतर शून्य, मग पंखा कशाने फिरणार? अशा वेळी “न्यूट्रल आहे, काही होत नाही” म्हणून हात लावणाऱ्याला झटका बसतो. विभव आणि विभवांतर यांतला फरक पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या प्रसंगातून जास्त पक्का होतो, असा आमचा अनुभव आहे.

आता ओहम. गेओर्ग ओहम कलोनमध्ये शाळामास्तर होता. व्होल्टाचा घट 1800 साली आला होता, आणि ओहमने सुरुवातीचे प्रयोग तसल्याच घटांवर केले. अडचण अशी की त्या घटांचं विभवांतर वापरता वापरता खाली यायचं. मोजायचं काय आणि बदलतंय काय, काही कळेना. मग त्याने तांबं आणि बिस्मथ यांचं तापयुग्म वापरलं. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानं पक्की, म्हणून विभवांतरही पक्कं. त्यानंतर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने धारा मोजल्या आणि 1827 मध्ये सगळं पुस्तकरूपाने मांडलं. सुरुवातीला जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्याला कोप्ले पदक दिलं.

आम्ही हे मुद्दाम सांगितलं. ओहमचा नियम ‘विभवांतर = धारा × रोध’ एवढाच नाही. ते रोधाच्या व्याख्येसारखंच झालं, कुठल्याही वस्तूला कुठल्याही क्षणी लागू. नियम असा आहे की धातूच्या तारेचं तापमान आणि बाकीची भौतिक अवस्था तीच ठेवली, तर विभवांतर कितीही बदला, रोध बदलत नाही. ही जी अट आहे ना, ती आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि लगेच विसरतो. जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब घ्या. 230 व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रोध 529 ओहम येतो. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरने मोजा, चाळीसच्या आसपास मिळेल. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी म्हणूनच नेहमीच्या दहापटीहून जास्त धारा धावते. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतात, याचं कारण इथे आहे.

तर बाबा आणि ओहम. मोटरकडे येऊ.

तारेपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक ठिकाणी निम्मा दोष तिथे असतो. विहीर मीटरच्या खांबापासून 300 मीटर लांब आहे असं धरा. स्वस्तात भागवायचं म्हणून अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली. तारेचा रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात. तांब्याची रोधकता 1.7 गुणिले 10 चा उणे 8 वा घात ओहम-मीटर. लांबी किती घ्यायची? 300 नाही, 600. कारण धारा जाते आणि परतही येते. ही चूक आमच्या वर्गात दरवर्षी होते. एकूण रोध येतो सुमारे 4.1 ओहम.

चार ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. एक एचपीचा पंप चालताना साधारण 7 अँपिअर घेतो असं धरा. तारेतच पडतात 7 गुणिले 4.1, म्हणजे 29 व्होल्ट. खांबावर 230 असतील तर मोटरला मिळतात 201. शिवाय तार तापवण्यात 200 वॅट जातात, म्हणजे पाच तास पंप चालला की एक युनिट तारेतच संपलं. बिल तुम्ही भरता, पाणी त्या युनिटाचं येत नाही.

पण खरी परीक्षा मोटर सुरू होतानाची. थांबलेली मोटर चालू मोटरच्या पाच-सहा पट धारा मागते. का, ते पुढे सांगतो. आत्ता पाचपट धरू. पूर्ण 230 व्होल्ट मिळाले असते तर 35 अँपिअर, म्हणजे थांबलेली मोटर ही जणू 6.6 ओहमची वस्तू आहे. तिच्याशी एकसर जोडणीत आपली 4.1 ओहमची केबल. एकूण 10.7. धारा सुमारे 21.5 अँपिअर आणि मोटरच्या टोकांशी उरतात फक्त 142 व्होल्ट. हा हिशोब ढोबळ आहे. मोटरमध्ये गुंडाळी असल्यामुळे तिचा विरोध आणि तारेचा रोध सरळ बेरजेने मिळवता येत नाहीत, पण आकड्यांचा अंदाज बरोबर येतो. आता इंडक्शन मोटरचं फिरवण्याचं बळ, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. 142 भागिले 230, त्याचा वर्ग करा : 0.38. मोटरला सुरुवातीचा जोर मिळाला नेहमीच्या 38 टक्के! संध्याकाळी डीपीवरच 190 व्होल्ट असतील तर तो येतो 26 टक्क्यांवर. एवढ्या जोराने पंप फिरेलच असं नाही. मोटर ‘हूं’ करत जागेवर उभी राहते. हा आवाज तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेला आहे. (सभागृहात हशा)

आणि आता मुख्य गोष्ट. मोटर फिरत असते तेव्हा तिच्या आत, जनित्रात निर्माण होतं तसंच, विरुद्ध दिशेचं विद्युतगामक बल तयार होत असतं. बाहेरून 230 व्होल्ट दिले तरी त्यातला मोठा भाग या विरोधी बलाने तोलला जातो आणि उरलेल्या थोड्याशा फरकानेच धारा वाहते. म्हणून चालणारी मोटर 7 अँपिअरवर समाधानी असते. थांबलेल्या मोटरमध्ये हे विरोधी बल जवळजवळ नाहीच, म्हणून ती धारा ओढत सुटते. सुरू होतानाचा पाचपट आकडा आला तो इथून. निरोगी मोटर क्षणभरात वेग घेते, विरोधी बल वाढतं, धारा खाली येते. पण जोरच कमी पडला आणि मोटर उभीच राहिली, तर?

तर 230 व्होल्टच्या खांबावर 21.5 अँपिअर वाहतच राहतात. उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे. 21.5 भागिले 7, त्याचा वर्ग : नऊपटीहून जास्त. डीपीवर 190 असतील तर धारा 18 च्या आसपास आणि उष्णता सहापटीहून जास्त. वर पंखा फिरत नाही, पाण्यातली मोटर असेल तर तिच्यावरून पाणी वाहत नाही, म्हणजे थंड करायची सोयही बंद. मिनिटाभरात गुंडाळीच्या तारेवरचं इन्सुलेशन करपतं. आता नीट पाहा, यात ओहम कुठेही चुकलेला नाही. डीपीवर व्होल्टेज कमी असताना ‘उभ्या’ मोटरची धारा 21.5 वरून 18 वर आलीच की, अगदी नियमाप्रमाणे. पण तुलना त्या दोघांची करायची नसते. तुलना करायची ती कमी व्होल्टेजवर उभ्या राहिलेल्या मोटरची आणि नीट फिरणाऱ्या मोटरची. बाबाही बरोबर, ओहमही बरोबर.

मोटर आधीच फिरत असेल आणि मग व्होल्टेज पडलं, तर प्रकार थोडा वेगळा. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणजे शक्ती जवळपास तेवढीच हवी. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा (एसीत त्याला आणखी एक गुणक लागतो, तो आज सोडू). व्होल्टेज 230 वरून 200 वर आलं तर मोटर जराशी मंदावते, विरोधी बल घटतं आणि धारा साधारण 15 टक्के वाढते. उष्णता वाढते तिसऱ्या हिश्शाएवढी. ही लगेच जाळत नाही, पण तासन्‌तास चालली तर मोटरचं आयुष्य खाते.

उपाय? केबल सहा स्क्वेअर एमएमची केली तर रोध 1.7 ओहमवर येतो. चालू असताना 29 ऐवजी 12 व्होल्ट पडतात आणि सुरुवातीचा जोर 38 वरून 63 टक्क्यांवर जातो. खर्च वाढतो हे खरं. पण एक रिवाइंडिंग आणि रोजचं तारेत जाणारं युनिट यांचा हिशोब प्रत्येकाने मांडून बघावा. सोबत ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर हवाच. धारा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ चढली की तो मोटर सोडवतो. बऱ्याच ठिकाणी “सारखा ट्रिप होतो” म्हणून त्याला तारेचा तुकडा टाकून बायपास केलेलं असतं. तो ट्रिप होतो कारण त्याला काही सांगायचं असतं.

आता एका प्रश्नाला सोडून पुढे जाता येणार नाही, कारण विहिरीवर जास्त मोठा धोका मोटरचा नसून माणसाचा असतो. पंपाच्या बॉडीला फेज लागली आणि ओल्या पायांनी कोणी हात लावला. ओल्या अंगाचा रोध सुमारे 1000 ओहम धरा. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. इथे दोन आकडे शेजारी ठेवू. दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही, पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि बोर्डावरचा फ्यूज? 16 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने 0.23 अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा. फ्यूज किंवा एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतात, माणसाच्या नव्हे.

“पण सर, आमच्याकडे अर्थिंग केलंय.” हेही तपासून पाहू. वीज जमिनीत ‘मुरते’ असं आपण समजतो. ती मुरत नाही, तिलाही परिपथ पूर्ण करायचा असतो. पंपाच्या अर्थिंगमधून जमिनीत, जमिनीतून डीपीच्या अर्थिंगमध्ये, तिथून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला, असा तिचा रस्ता. कोरड्या मुरमाड जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध 20 ओहम सहज भरतो. डीपीकडचा 5 धरू. एकूण 25, धारा 9.2 अँपिअर. 16 चा फ्यूज शांत बसून राहणार! आणि पंपाच्या बॉडीवर राहतात 9.2 गुणिले 20, म्हणजे 184 व्होल्ट. अर्थिंग आहे, फ्यूज आहे, आणि तरीही बॉडीला हात लावणारा धोक्यात. अर्थिंग नको असा याचा अर्थ अजिबात नाही. त्या सळईभोवती ओल राखायची, रोध मोजून घ्यायचा, आणि फक्त त्याच्यावर विसंबायचं नाही.

इथे किरखोफ परत येतो. ईएलसीबी किंवा आरसीसीबी नावाच्या उपकरणात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारी धारा आणि परतणारी धारा समान असतील तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी धारा न्यूट्रलने न परतता भलत्याच रस्त्याने, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीत गेली, की कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत धारा उत्पन्न होते आणि यंत्र सेकंदाच्या एका छोट्या भागात वीज तोडतं. वरच्या उदाहरणात 9.2 अँपिअर जमिनीत जातायत. तिथे तर ते कोणी हात लावायच्या आधीच पडेल. एक मर्यादा मात्र आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला ते ओळखू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्ब. गेलेली धारा पूर्ण परत आलेली असते.

वेळ झालीय, दोनच प्रश्न घेतो.

“तारेवरच्या पक्ष्याला शॉक का बसत नाही?” त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन-तीन सेंटिमीटरवर. तेवढ्या तुकड्याचा रोध इतका नगण्य की दोन पायांमधलं विभवांतर व्होल्टच्या छोट्या अंशाएवढंही भरत नाही. मोठी वटवाघळं मात्र दोन तारांना एकदम स्पर्श करतात आणि मरतात. कारण तेच, विभवांतर दोन बिंदूंमधलं असतं.

“शेजारच्यांची मोटर थ्री-फेज आहे. तिच्याकडे तीनच तारा जातात, न्यूट्रल नाही. मग धारा परत कुठून येते?” उत्तर किरखोफच्याच नियमात आहे, पण त्यासाठी तीन धारा एकाच क्षणी वेगवेगळ्या अवस्थेत असतात ही गोष्ट आकृती काढून बघावी लागेल. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करू. येताना वही आणि कंपासपेटी आणा.